टर्बो बसला की जातो

आमच्या गावात दुबईहून आलेल्या माणसाला दोन प्रश्न विचारायची रीत होती. पहिला, “कधी आला?” आणि त्याने हातातली बॅग खाली ठेवायच्या आत दुसरा, “कधी चालला?” विचारणाऱ्याच्या मनात काही काळंबेरं नसे. दुबईला गेलेला माणूस माहेरवाशिणीसारखा, आज ना उद्या परत जाणारच, असा सगळ्यांचा समज होता. मला मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाने डोक्यात तिडीक जायची. भावाने आता कायमचं घरी राहावं म्हणून आई रोज देवापुढे बसायची, आणि हे लोक आमच्याच ओट्यावर, आमचाच चहा पीत, त्याला वाटेला लावायचे. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आईने पाठीमागून चिमटा काढला.

आईला त्याने जायला नको होतं. मलाही नको होतं. बाबांनाही नको असावं, पण ते कधी बोलले नाहीत. आमच्या घरात कोणी कोणाला ‘राहा’ म्हणत नसे. ‘जेवून जा’ म्हणत. त्यामुळे भाऊ दर रजेला जेवायचा आणि जायचा.

नव्वदीच्या सुरुवातीला तो आला तो नेहमीसारखा बसने, पण त्याच्या मागोमाग ट्रकवर एक गाडी आली. लाल, दोन दारांची, जपानी, आणि इतकी बुटकी की आमची शेळी तिच्या टपावर चढायला धावसुद्धा घेत नसे. भाऊ दुबईत ज्या गराजात मिस्त्री होता तिथे कोणा श्रीमंताच्या पोराने ती आणून टाकली होती. टर्बो जळला, पोराने दुसरी गाडी घेतली, ही उन्हात उभी राहिली. गराजच्या मालकाने भावाच्या कामावर खूश होऊन ती त्याला देऊन टाकली. म्हणजे स्वतःची जागा मोकळी करून घेतली. भावाने ती जहाजाने मुंबईला आणि मुंबईहून ट्रकने आदिलाबादेपर्यंत आणि तिथून आमच्या गावापर्यंत आणली.

“काऊन आणली?” बाबांनी विचारलं.

“चांगली हाय,” भाऊ म्हणाला. विषय संपला.

आमचं गाव भीमपूरच्या अलीकडे, नदीपलीकडे महाराष्ट्र. डांबरी सडक गावाबाहेरच संपायची आणि पुढे काळ्या मातीत बैलगाड्यांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. ट्रकवाल्याने पुढे यायला साफ नकार दिला. गाडी फळ्यांवरून खाली उतरवली, ती चार पावलं पुढे गेली आणि दोन चाकोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसली. बाबांनी घरून बैल आणले, दोर बांधला, आणि ताशी दीडशे-दोनशे पळणारी ती गाडी बैलांच्या चालीने आमच्या दारात आली. रस्त्यात भेटलेल्या पहिल्याच माणसाने गाडीकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं आणि भावाला विचारलं, “कधी चालला?”

भाऊ म्हणाला, “टर्बो बसला की जातो.”

त्या दिवसापासून हे उत्तर ठरून गेलं. टर्बो काय असतो हे गावात कोणालाच माहीत नव्हतं. पण तो बसायचा आहे आणि अजून बसला नाही, हे सगळ्यांना कळलं. भेटेल तो आता “बसला का?” एवढंच विचारू लागला. मला हा प्रश्न त्यातल्या त्यात बरा वाटायचा.

गाडीची जात निराळी होती, ते सांगायला हवं. साध्या इंजिनात सिलेंडर असतं आणि त्यात पिस्टन वर-खाली होतो, एवढं आमच्याकडे विहिरीवरच्या इंजिनामुळे पोराटोरांनाही ठाऊक. या गाडीत पिस्टनच नव्हता. आत एक तिकोनी लोखंडी ठोकळा गोल गोल फिरायचा आणि त्याच्या तिन्ही टोकांवर बसवलेल्या पातळ पट्ट्या आजूबाजूच्या भिंतीला घासत जायच्या. त्या पट्ट्या म्हणजे इंजिनाचा जीव. त्या मोडल्या की इंजिन गेलं. आईने हे सगळं एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जातं हाय मंग.” भाऊ म्हणाला, जात्याचा दगड गोल असतो, हा तिकोनी आहे. आई म्हणाली, “घडवणाऱ्याचं चुकलं असंन.”

गाडीची नोंद करायला आदिलाबादच्या दफ्तरात गेलो तेव्हा तिथल्या कारकुनालाही हीच अडचण आली. तो तेलुगू, आम्ही मराठी, मधे हिंदी. “सिलेंडर कितने?” त्याने विचारलं. भाऊ म्हणाला, नाहीत. “तो इंजन निकाल दिये क्या?” भावाने त्याला तिकोनी ठोकळा समजावून सांगितला, टेबलावरच्या पेपरवेटला फिरवून दाखवला. कारकुनाने शांतपणे ऐकलं, पेपरवेट परत जागेवर ठेवला आणि सिलेंडरच्या रकान्यात चार लिहिलं. म्हणाला, सगळ्या गाड्यांना चारच असतात.

आता बाबांबद्दल. आमची शेती कापसाची आणि जवारीची, पण कापसाच्या हंगामात बाबा आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून जात. जिनिंगमध्ये सरकीपासून रुई वेगळी करतात. तिथे मशीन तेलाशिवाय चालत नाही आणि तेलाचा थेंब रुईवर पडला तर गठाण नाकारली जाते, वर आग लागायची भीती. त्यामुळे फिटरची सगळी हुशारी एकाच गोष्टीत पाहिली जायची. मशीनमधून तेल बाहेर दिसता कामा नये. बाबा कमरेला पांढऱ्याशुभ्र रुईचा एक बोळा खोचून असत. मशीनवरून तो फिरवायचा, आणि बोळा जसाच्या तसा पांढरा राहिला तर मशीन पास. हंगाम संपला तरी बोळा संपत नसे. घरातली सायकल, शिलाई मशीन, हापसा, सगळ्यांवरून तो फिरायचा. लहानपणी डोक्याला तेल लावून शाळेत निघाले की माझ्या कपाळावरूनसुद्धा फिरलेला आहे, आणि मी कधीच पास झाले नाही.

भावाने अंगणात गाडी पहिल्यांदा सुरू केली, टर्बोशिवायच. आवाज असा की शेजारची कोंबडी दोन दिवस खुडूकच झाली. मागून निळसर धूर निघाला. बाबांनी रुईचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी धरला आणि पाहिला. काळा, तेलकट.

“तेल पेते ही,” ते म्हणाले.

“प्यावंच लागते तिले,” भाऊ म्हणाला. “पट्ट्याईले तेल पाहिजे. इंजिनच थेंब थेंब पेते.”

“चांगली मशीन तेल पेत नाई.”

“ही पेते.”

बाबांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. कर्त्यासवरत्या मुलाशी दारात वाद नको म्हणून.

मग टर्बोची निवड सुरू झाली. टर्बो म्हणजे एका दांडीच्या दोन टोकांना दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका पंख्याला फिरवतो, त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. दुबईच्या एका मित्राने भावाला माहितीपत्रकांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या, सगळ्या इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. मी तेव्हा आदिलाबादच्या कॉलेजात जायचे, सकाळच्या बसने जायचं आणि संध्याकाळच्या बसने यायचं. कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकत होते आणि घरी टर्बो. घरचा अभ्यासक्रम जास्त मोठा होता.

निवड तिघांतून करायची होती. एक जुन्यासारखाच छोटा, लगेच जागा होणारा आणि लगेच दमणारा. एक बाहेरून जुन्यासारखा, पण आतला पंखा जरा मोठा. आणि एक भला थोरला, जो आधी बराच वेळ झोपून राहतो आणि मग जागा होतो तो माणसाला मागे सीटमध्ये चेपूनच. आईला हा तिसरा नीट समजला. “तुह्या बापासारखा हाय,” ती म्हणाली. “हाक मारा, तं घंट्याभरानं ‘काय’ म्हनते.”

नुसत्या आकड्यांवरून भावाचं समाधान होईना. तो निर्मळला गेला आणि तिथल्या लाकडी खेळणी करणाऱ्या एका कारागिराकडून लहान आणि मोठा असे दोन पंखे हुबेहूब मापाचे कोरून घेऊन आला. हातात धरल्यावर फरक कळतो, असं त्याचं म्हणणं. कारागिराने आयुष्यभर पोपट, आंबे आणि सीताफळं केलेली. त्याने पंखेही रंगवून दिले. लहान हिरवा, मोठा पिवळा, पात्यांच्या कडेला बारीक सोनेरी रेघ. भाऊ रोज संध्याकाळी एकदा हा हातात घ्यायचा, एकदा तो. रात्री आई दोन्ही उचलून देवघरात ठेवायची आणि सकाळी देवांबरोबर त्यांनाही हळदीकुंकू व्हायचं.

माझं मत मी पहिल्याच महिन्यात दिलं होतं. मधला घ्या. कारण सरळ होतं. आमच्याकडच्या पेट्रोलला रॉकेलचा वास यायचा. असल्या पेट्रोलवर मोठ्या टर्बोने हवा कोंबली तर इंजिन आतून ठोकायला लागतं आणि त्या नाजूक पट्ट्या तुटतात. दुसरं म्हणजे रस्ता. गावापासून आदिलाबादपर्यंत खड्डे, म्हशी, शाळेची पोरं आणि समोरून येणारी बस. मोठा टर्बो जागा व्हायच्या आत तामसीचा फाटा यायचा. मी हे सगळं कागदावर आकृत्या काढून समजावलं.

भाऊ म्हणाला, “बरोबर हाय तुहं.” मी विचारलं, मग मागवायचा? तो म्हणाला, “थोडं पाहू अजून.”

पाहता पाहता दोन हंगाम गेले. आधी त्याने मधला ठरवला. मग वाटलं, त्याला पेट्रोल कमी पडेल, पंपही मोठा लागेल. पंपाची माहितीपत्रकं आली, मी ती वाचली. मग उन्हाळा लागला आणि आमच्याकडच्या उन्हात आत जाणारी हवाच इतकी तापते की ती थंड करायला वेगळी जाळी लागेल, असं निघालं. जाळीची माहितीपत्रकं आली. मग छोटाच बरा असं ठरलं आणि पावसाळ्यात ते मोडलं. माझी चिडचिड व्हायला लागली. एक लग्न ठरवायला आमच्यात इतका वेळ लागत नाही. एकदा मी कागद फेकून म्हटलं, “चिठ्ठ्या टाका अन् देवाले उचलू द्या!”

त्या दिवशी आईने मला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीतली लाकडं मागेपुढे करत ती म्हणाली, “तुले कायची घाई हाय? तो पाहून राह्यला तं पाहू दे. तू सावकास वाच ना, माय. एका बैठकीत काऊन संपवतं?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चांगली शिकलेली मुलगी, गणितात हुशार, आणि हे साधं गणित मला दिसलं नव्हतं. टर्बो बसला की तो जाणार. म्हणजे टर्बो ठरत नाही तोवर भाऊ घरात आहे. आईला हे पहिल्या दिवसापासून कळलं होतं, म्हणूनच ती त्या पंख्यांना हळदीकुंकू वाहत होती. त्यानंतर माझं इंग्रजी वाचन फार मंदावलं. एकेक शब्द मी शब्दकोशात पाहू लागले, जे शब्द मला येत होते तेसुद्धा.

मधल्या काळात भाऊ नुसता बसून नव्हता. गावातली इंजिनं, जीपा, ट्रॅक्टर, सगळं त्याच्याकडे यायला लागलं होतं. बाबा आणि तो नांगराच्या फाळावर वाद घालायचे, मग एकत्र चहा घ्यायचे. तो सकाळी अंगणात दात घासत उभा असला की मला बरं वाटायचं. एवढंच, दात घासत उभा आहे. पूर्वी त्या वेळी अंगण रिकामं असायचं.

मग दुबईच्या मालकाचा निरोप आला. जागा ठेवली आहे, पण आता येत असशील तर ये, नाहीतर दुसरा माणूस घेतो. निरोप आणणारा शेजारच्याच गावचा होता, त्याने येताना सडकेवरच्या हॉटेलात तो सगळ्यांना सांगितला. संध्याकाळपर्यंत ओट्यावर माणसं मावेनात. “आता तं बसवून टाक बाप्पा टर्बो,” जो तो म्हणू लागला. “गेलेला माणूस वापस येऊन बसला तं लोक काय म्हनतीन?” लोक म्हणजे तेच होते, पण हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

 दुसऱ्या दिवशी भाऊ आदिलाबादला गेला आणि बूथवरून फोनवर टर्बो सांगून आला. तिसरा. सगळ्यात मोठा.

मी त्याच्यावर खूप ओरडले. रस्ता नाही, पेट्रोल नाही, इंजिनला झेपणार नाही, मग हाच का? तो म्हणाला, “घ्यायचाच हाय तं मोठा घ्या.”  आईने दोन्ही लाकडी पंखे देवघरातून काढले आणि फडताळावर ठेवून दिले.

टर्बो उन्हाळ्याच्या शेवटी कोणा येणाऱ्याच्या सामानातून आला, एका जाड दुबईच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळून. ब्लँकेट आईने ठेवून घेतलं. तो लोखंडाचा गोळा हातात घेऊन बाबांनी बोट घालून पंखा फिरवला. तो फिरतच राहिला, आवाज न करता. बाबांच्या चेहऱ्यावर मी त्यांच्या नातवंडांच्या बारशांतसुद्धा पुढे कधी पाहिलं नाही असं कौतुक आलं. “काय मशीन बनवली हाय,” ते म्हणाले. मग रुईचा बोळा फिरवून पाहिला. पांढरा.

बसवायला पावसाळ्याचे बरेच दिवस गेले. भाऊ नळ्या वाकवत होता, बाबा धरत होते. सगळं जुळलं ते पोळ्याच्या तोंडावर. गाडी लगेच सडकेवर न्यायची असं भावाच्या मनात होतं, पण बाबा म्हणाले, पोळा होऊ दे. पोळ्याला कोणाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आणि बैलांशिवाय गाडी चिखलातून सडकेपर्यंत जाणारच नव्हती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी दरवर्षीप्रमाणे बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळले आणि त्यांना आवतण दिलं, “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” मग हळदीचा हात तसाच घेऊन ते गाडीपाशी गेले, तिच्या टपावरून तो फिरवला आणि तिलाही तेच आवतण दिलं.  दुसऱ्या दिवशी बैल सजून तोरणाखाली गेले, आले, जेवले. भाऊ मित्रांकडे गेला होता. बाबांनी बैलांना धुतलं होतं तसंच गाडीलाही धुतलं, पुढचं झाकण उघडून आतून पुसलं. बराच वेळ ते आत वाकून होते. मी पाहिलं आणि पुरणाची पोळी उलटायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी उघडीप होती. रंगवलेल्या शिंगांच्या बैलांनी गाडी चिखलातून सडकेला लावली. अर्धं गाव मागे. भावाने गाडी सुरू केली. तिचा आवाज मोठा झाला होता, पण मागून धूर निघाला नाही. बाबांनी सायलेन्सरपाशी रुईचा बोळा धरला आणि वर करून सगळ्यांना दाखवला. जवळजवळ पांढरा होता. हंगामात मशीन पास झाली की त्यांच्या तोंडावर जे समाधान येई, ते आलं.

भाऊ त्या बोळ्याकडे पाहत राहिला. मग खाली उतरला, झाकण उघडलं, आत पाहिलं. क्षणभरच. झाकण लावलं आणि मला म्हणाला, “चल.”

गाडीचं स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे मी उजवीकडे, आपल्याकडे चालक बसतो तिथे बसले, हात मांडीवर ठेवून. आदिलाबादपर्यंतच्या साऱ्या गावांनी त्या दिवशी एक पोरगी लाल गाडी हाताशिवाय चालवताना पाहिली. माझ्या लग्नाच्या बोलणीत हा विषय पुढे दोन ठिकाणी निघाला.

आदिलाबाद ओलांडून आम्ही नागपूरच्या मोठ्या रस्त्याला लागलो. समोर सरळ मोकळा डांबरी पट्टा, दोन्ही बाजूंना कापसाची ओली पऱ्हाटी. भावाने पाय दाबला. काही झालं नाही. इंजिन नुसतं वाढत्या आवाजात गुणगुणत होतं. मी म्हणणारच होते, सांगितलं होतं की नाही, तेवढ्यात कुठूनतरी बारीक शिट्टी सुरू झाली आणि माझं डोकं मागे सीटवर आपटलं. झाडं एकमेकांना चिकटली. मी ओरडत होते की हसत होते मला माहीत नाही. भाऊ मात्र हसत नव्हता. त्याने पाय उचललाच नाही. टेकाड आलं, ते गेलं, उतार आला, पाय तसाच दाबलेला. “पुरे,” मी म्हटलं. “भाऊ, पुरे ना!” नदीचा पूल दिसायला लागला आणि पुढून पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला. मग नुसती हवा कापल्याचा आवाज राहिला. गाडी घरंगळत रस्त्याच्या कडेला लागली.

भावाने चावी काढली. मग म्हणाला, “गेलं.” मला रडायला आलं. इतकी वर्षं वाचलेलं सगळं त्या डब्यात खडखडत होतं. त्याने खिशातून शेंगदाणे काढून मला दिले.

ट्रॅक्टरने ओढून तिला गावाच्या सडकेपर्यंत आणलं, पुढे बैलांनी.

चार-आठ दिवसांत भावाने निंबाखाली इंजिन खोललं. पट्ट्यांचे तुकडे झाले होते आणि त्या तुकड्यांनी आतली भिंत खरवडून काढली होती. लोक येऊन पाहून जात. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पेट्रोल. भावाने पेट्रोलला होकार दिला. बाबा खांबाला टेकून उभे असायचे. त्यांनी त्या दिवसांत कमरेला बोळा खोचला नव्हता, हे मला नंतर आठवलं.

अशाच एका दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो होतो. भाकर, अंबाडीची भाजी. बाबांनी घास मोडला आणि तो हातातच धरून बोलले.

“पुढच्या बाजूनं त्या दोन बारीक नळ्या हायत ना, तेलाच्या. त्या म्या बंद केल्या होत्या. पोळ्याच्या दिवशी. मले वाटलं, गळते कुठीतरी.” मग म्हणाले, “माह्या हातून मेली तुही मशीन.”

मी बाबांना चूक कबूल करताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.  मला त्यांच्याकडे पाहवेना.

भावाने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि दोन छोट्या चामडी चकत्या ताटाशेजारी ठेवल्या. जिनिंगच्या रुळाला लावतात त्या चामड्याच्या, कातरीने गोल कापलेल्या, काठ घासून गुळगुळीत केलेल्या. अख्ख्या जिल्ह्यात इतकी सुबक चकती कापणारा एकच माणूस होता.

“मले मालूम हाय,” तो म्हणाला.

“खोललं तवा भेटल्या?” बाबांनी विचारलं.

“नाई. काढल्या आता, पण दिसल्या निघायच्या आंधीच. धूर नाई निघाला, म्हनून पाह्यलं.”

बाबांनी घास खाली ठेवला. “मंग काढल्या काऊन नाई? नाई तं टाकीत तेल तरी टाकतं, आपल्या मोपेडीत टाकतो तसं. चालली असती.”

“चालली असती,” भाऊ म्हणाला. त्याने भाकरीचा तुकडा भाजीत बुडवला आणि तिकडेच पाहत राहिला. “गाडी चांगली राह्यली असती तं जा लागलं असतं, बाबा. मले नाई जायचं.”

आई रडायला लागली. रडता रडता तिने त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली, मग माझ्या, मग स्वतःच्या, आणि टोपली रिकामी केली. मला इतका आनंद झाला की मी नाक पुसायचं विसरले. इतके महिने शब्दकोश चाळला, पंख्यांना हळदीकुंकू झालं, आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं त्यालाच जायचं नव्हतं. त्याने मोठा टर्बो का घेतला, तेही मला तिथेच कळलं; त्याने पट्ट्या तुटतात हे मीच त्याला आकृत्या काढून समजावलं होतं.

बाबा मात्र लाल झाले होते.

“जायचं नोतं, तं तोंडानं सांगायचं!” ते म्हणाले. “मशीनीले काऊन मारलं?”

ते ताटावरून उठले, हात धुतला आणि शेतात निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ते भावाशी बोलले नाहीत. आपण नळ्या बुजवल्या याचं त्यांना दुःख होतं, पण धडधाकट मशीन जाणूनबुजून मारणारा पोरगा आपल्या पोटी आला याचा राग त्याहून मोठा होता. आई म्हणायची, जेवून घ्या, ते जेवत. भाऊ निंबाखाली कामाला बसला की तेही तिथे जाऊन बसत, त्याच्याकडे पाठ करून.

असेच दोघं बसले होते तेव्हा सडकेकडून पलीकडच्या आळीतले काका आले. त्यांनी ओट्यावर टेकून घाम पुसला, उघड्या इंजिनाकडे पाहिलं आणि भावाला म्हणाले, “बसून मोडला म्हनते ना टर्बो? मंग कधी चालला?”

भावाने सवयीने तोंड उघडलं. त्याच्याआधी बाबा बोलले, मागे न वळता.

“तो नाई जात कुठी. ज्यानं मोडली, त्यानंच सुधरवावी.”

मग त्यांनी कमरेला पुन्हा खोचलेला पांढरा बोळा काढून मांडीवर ठेवला, एक हात मागे केला आणि म्हणाले, “पाना दे इकडं.” भावाने दिला.